नकाशातला उत्तरेकडचा ठिपका

अर्डिथने पहाटे उठून दिव्याखालच्या खोक्यातला, पतंगांना बसायला ठेवलेला अंड्यांचा शेवटचा रिकामा ट्रे उलटून पाहिला आणि कंबर धरून पायरीवर बसली. अठ्ठेचाळीस पतंग, सगळे ओळखीचे. नखाएवढा, करडा, तांबूस पट्टीचा तो पतंग आजही नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी मेल्याने एकदाच दर्शन दिलं, आणि तेव्हापासून दर जुलैत ही बाई झोपेचं खोबरं करून त्याला शोधतेय.

पतंगांच्या छापील नकाशात सबंध आयोवात त्याचा एकच ठिपका, तिच्या परसातला. बाकी सगळे चारशे मैल खाली, ओक्लाहोमात. तिच्या एका ठिपक्यासाठी नकाशावाल्यांनी त्याच्या मुलखाची रेघ इथवर ओढून आणली होती. आता नवी आवृत्ती निघणार, म्हणून त्यांचं पत्र आलं होतं: जुनी वही बघून तारीख पक्की कळवा.

तिने वही काढली. दहा जुलै, पतंग सापडला. वरची ओळ मात्र तिने इतक्या वर्षांत धड वाचलीच नव्हती: नऊ जुलै, लव्होनकडून परत. लव्होन म्हणजे तिची ओक्लाहोमातली बहीण. तिच्या अंगणातही दोन रात्री हेच खोकं लावलं होतं, आणि ट्रे न झटकता तसेच ट्रकमध्ये पडून आले होते. पतंग धरणारं शेंबडं पोरसुद्धा आधी ट्रे झटकतं. अर्डिथला स्वतःचीच लाज वाटली.

"ओर्लिन," तिने नवऱ्याला हाक मारली, "तो पतंग आपल्याकडचा नव्हताच रे. ट्रेमध्ये बसून आला लव्होनकडून."

ओर्लिन कॉफी ओतत होता. "माहीत आहे," तो म्हणाला. "ट्रे मीच उतरवले. आत बसला होता."

"आणि एकोणीस वर्षं मूग गिळून बसलास? माझ्या गुडघ्यांची वाट लागली इथे."

"त्या साली तू शिकवायचीस ती शाळा बंद पडली होती, अर्डी. मार्चपासून तू अंथरूण सोडलं नव्हतंस. लव्होनकडे मीच ओढून नेलं तुला, खोकंही मीच लावलं. तो पतंग दिसला आणि तू आपणहून उठून आंघोळ केलीस. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

तिला राग आला, रडूही आलं, पण दोन्हींपुरता जोर अंगात उरला नव्हता. तिने पत्र लिहिलं: नोंद चुकीची आहे, ठिपका काढून टाका.

ओर्लिन पाकिटाकडे बघत राहिला. "मग उद्या उठशील ना?" त्याने भीतभीत विचारलं.

"उठेन," ती म्हणाली. "पण आठ वाजता."