शुद्ध लोकर

विद्यापीठात पोरं त्यांना चिंधीमॅडम म्हणत आणि मॅडमना ते ठाऊक होतं. कापड जपून कसं वापरावं, जुनं झालं की त्याचं पुन्हा सूत कसं काढावं, हा विषय शिकवायचा म्हटल्यावर चिंध्यांशी वैर धरून कसं चालेल? नुसते पडून राहिलेले कपडे म्हणजे पाण्याची आणि मेहनतीची नासाडी, हे त्या दर तासाला घसा ताणून सांगत. पोरं माना डोलवत आणि संध्याकाळी नवी खरेदी करायला जात.

एक मुलगी तेवढी निराळी. मॅडमचा शब्द न् शब्द ती घरी घेऊन जायची. आई वारलेली, घरात ती आणि घड्याळं दुरुस्त करणारे वडील, दोघंच. जेवताना ती वडिलांना तास घेतल्यासारखं सगळं ऐकवायची. वडील बोलत काहीच नसत, पण ऐकत मन लावून.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी मॅडमनी सगळ्यांना घरून जुने कपडे आणायला सांगितलं. धडके कपडे गरजूंना द्यायचे, फाटके यंत्रात घालून त्यांचं सूत करायचं. देणाऱ्याला संकोच नको म्हणून सगळ्या पिशव्या एकाच ढिगात रिकाम्या करायच्या, कुणाचं काय हे विचारायचं नाही. नियम मॅडमचेच होते.

ढीग झाला खरा, पण त्यात निम्म्याहून जास्त सुती-पॉलिस्टरची सरमिसळ. यंत्रात घातलं की नुसता भुगा. प्रदर्शन तोंडावर आलं, विभागप्रमुख येताजाता काय झालं म्हणून विचारू लागले आणि मॅडमच्या नाकी नऊ आले. अशात त्यांच्या हाती एक हिरवा स्वेटर लागला. त्यांनी एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली. शुद्ध लोकर. स्वेटर चांगला धडका होता, कुणाच्याही अंगावर शोभला असता. मॅडमना ते दिसत होतं. तरी त्यांनी बटणं कापून डब्यात टाकली, कात्रीनं पट्ट्या केल्या आणि दातेरी रोलरमध्ये सोडल्या. एकट्या स्वेटरची लोकर पुरेना, म्हणून कारखान्यातून आणलेली लोकरीची कातरणं त्यात पिंजून घेतली. सूत सुरेख निघालं. त्याचं हातभर कापड विणून झालं तेव्हा मॅडमना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी बटणं निवडायला बसली. निवडता निवडता तिचा हात थांबला. एक लाकडी बटण, कडेला तुटलेलं, भोकांत अजून लाल दोरा.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

मॅडमनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. सांगता सांगता मुलीचा चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. स्वेटर तिच्या आईचा होता. वडिलांनी आपण होऊन आईचं कपाट आवरलं होतं, पिशवीला गाठ मारून दिली होती आणि तिनं ती न उघडता इथं आणून ओतली होती.

मॅडमनी उरलेल्या सुताचे गुंडे टेबलावर मांडले. आणखी काय करणार होत्या?

"यातली आईची लोकर कुठली?"

एकदा पिंजून एकजीव झालेली लोकर वेगळी करायचा उपाय कुणाकडेच नसतो, हे मॅडमनीच वर्गात शिकवलं होतं. चूक माझी आहे, मी तो फाडायला नको होता, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मुलगी ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"बाबांना सांगू नका," एवढंच ती म्हणाली. "त्यांना वाटतंय, कुणीतरी तो घालतंय."

प्रदर्शनाला वडील आले. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. मुलीनं त्यांना घाईघाईनं पुढच्या टेबलाकडे नेऊ पाहिलं, पण ते त्या हातभर कापडाशीच थांबले. त्यावरून हात फिरवून, उबदार झालंय हो, म्हणाले. खरं सांगावं तर या माणसाच्या जिवाला कायमचा घोर, आणि न सांगावं तर त्याच्या हाताकडे मॅडमना बघवत नव्हतं. मुलगी खाली मान घालून टेबलाची कड खरवडत होती.

वडील जरा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक हिरवा स्वेटर होता बघा आमचा. कुणाला मिळाला?"

"एका बाईंना," मॅडम म्हणाल्या.

"हिच्या आईचे हात लांब होते. बाह्या तशाच विणल्या होत्या तिनं." ते किंचित हसले. "त्या बाईंना होतात ना बरोबर? की दुमडाव्या लागतात?"

"बरोबर होतात," मॅडम म्हणाल्या.

वडिलांनी समाधानानं मान हलवली. थंडीत एकदा लांबून का होईना, त्या बाईंना बघायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं.