डावीकडचा झरोका

दादाने शेगडी टेम्पोतून उतरवली ती सरळ माझ्या पायावर. माझं डोकं तिथूनच फिरलेलं होतं, हे आधी सांगून ठेवते.

“बाबांची आहे,” तो म्हणाला. “वसतिगृहाच्या मागच्या अंगणात पडली होती. तंत्रशाळेच्या दालनात ठेवणार आहेत, त्यांच्या नावाची पाटी लावून. पंधरा दिवसांत उभी करून दे.”

“बाबांचीच कशावरून?”

“ते तू सांग. तुझं काम ते.”

काम माझं आणि भाषण त्याचं, ही आमच्या घरातली जुनी वाटणी. दादा तयार फर्निचरच्या दुकानात टाय लावून बसतो. बाबांची वर्कशॉप मी चालवते. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज, जे येईल ते. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून लोक मला ‘मिस्त्रींची मुलगी’च म्हणतात, आणि मला ते आवडायचं. मी पहिल्यापासून त्यांच्यावर गेले. ऐरण माझी, स्वयंपाकघर आईचं. वर्कशॉपच्या भिंतीपलीकडेच आमचं घर. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, अजून दोन्ही वेळा रांधते, आणि मी हात धुऊन ताटावर बसते. कुणी ‘तुला साधी भाजी येत नाही?’ असं विचारलं की मी हसून सांगायची, “मला लोखंड शिजवता येतं.”

शेगडीची दशा बघवत नव्हती. कमरेइतक्या उंचीची, लांबट, खाली राखेचा खण. कुणी तरी तिच्यात माती भरून फुलझाडं लावली होती. वर हिरवा रंग, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली चंदेरी. तीन पिढ्यांच्या आळशी माणसांनी गंज न काढता त्यावर नुसते हात मारलेले. अशा माणसांना खरं तर तारेच्या ब्रशने घासायला हवं.

रंग उतरवला तसे पाय दिसले. चारही पाय तळाशी बाहेर वळवलेले, आमच्या फाटकांच्या टोकांसारखे. राखेचा खण पट्ट्यांवर नाही, दोन गोल गजांवर सरकणारा. वेल्डिंग कुठेच नाही, सगळी रिबिटं, आणि त्यांची डोकी एकाच साच्यातली. तो साचा अजून माझ्या खणात आहे. लावून पाहिला, चपखल बसला. तेव्हा मात्र माझा राग जरा खाली आला. बाबांच्याच वर्कशॉपमधली होती, यात शंका उरली नाही.

मग मी जीव ओतून काम केलं. गळलेला तळ बदलला, जाळीचे तीन गज नवे घातले, कुजलेली रिबिटं छिन्नीने उडवून तशीच नवी मारली. मागच्या डाव्या पायाजवळ दोन रिबिटं एकमेकांना चिकटून, तिरकी बसली होती. ती तशीच ठेवली. माणूस आहे, एखाद्या दिवशी बाबांचाही हात चुकला असेल.

पण एक गोष्ट मला बघवेना. निखाऱ्यांना हवा देणारा झरोका, सरकत्या पट्टीचा, पंजाएवढा, डाव्या बाजूला होता. बाबा पक्के उजवे. त्यांनी केलेली प्रत्येक कडी, प्रत्येक मूठ उजव्या हाताला यायची. आणि शेगडीचा झरोका डावीकडे? नंतर कुणा अडाण्याने झक मारली असणार, हे मी ठरवून टाकलं. झरोक्याची रिबिटं जुनीच दिसत होती, तेही मी पाहिलं. पण एकदा मनात पक्कं झालं की डोळे मनाची चाकरी करतात. डाव्या बाजूला पत्रा बसवून मी ते भोक बुजवलं, ग्राइंडर फिरवून गुळगुळीत केलं आणि उजवीकडे नवा झरोका कापून जुनीच सरकती पट्टी तिथे लावली. वर काळा रंग दिला. इतकं सफाईदार काम झालं की माझी पाठ मीच थोपटली.

चौदाव्या दिवशी सकाळी दादा तंत्रशाळेच्या जाणकारांना घेऊन आला. या गृहस्थांचा एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव दुचष्मे ठेवलं. बरोबर एक जाड वही. शेगडीभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या, खण ओढून पाहिला, पायांवरून बोट फिरवलं. उजवीकडे येऊन थांबले आणि त्यांचा चेहरा पडला.

“ही त्यांची नाही,” ते म्हणाले.

“काय?” दादा आणि मी एकदमच.

“ताई, मिस्त्रींच्या सहा शेगड्या मी पाहिल्यात. सगळ्या इथे नोंदवल्यात. सहाही ठिकाणी झरोका डावीकडे आहे. तीच त्यांची खूण. वाऱ्याचा अभ्यास होता त्यांचा. ही कुणी तरी केलेली नक्कल आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  दादा माझ्याकडे वळला.

“तू काही केलंस का?”

“डावीकडेच होता,” मी म्हणाले. “मला वाटलं, नंतर कुणी तरी हलवला. मी तो नीट केला.”

“नीट केला! परवा कार्यक्रम आहे, शंभर माणसांना बोलावलंय, आणि तू बाबांची खूण पुसलीस? काही अक्कल आहे का? सगळं कळतं म्हणून मिरवायचं, आणि...”

“उचलली जीभ, लावली टाळ्याला!” मी ओरडले. “पंधरा दिवस इकडे फिरकलास का? मी हातांची सालं काढली तेव्हा कुठे होतास?”

आवाज इतके चढले की आई मधल्या दारातून आली. बाबा गेल्यापासून तिने वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. हातात चिमटा होता, बहुतेक तवा गॅसवर ठेवूनच आली होती. आमच्याकडे तिने बघितलंही नाही. ती शेगडीपाशी गेली. डाव्या बाजूला हात लावला, गुळगुळीत पत्र्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग वळली. आईला रागावलेली मी पूर्वी पाहिली होती. अशी नव्हती पाहिली.

“माझा झरोका कुणी बुजवला?”

दादाने माझ्याकडे बघितलं.

“मी विचारतेय, कुणी बुजवला?”

“मी,” मी म्हणाले. “आई, बाबा उजवे होते, म्हणून मला वाटलं...”

“घे.” तिने चिमटा माझ्या हातात कोंबला. “उभी राहा इथे. समज, जाळीवर मासे आहेत. उलटव.”

दुचष्म्यांसमोर मी गाढवासारखी रिकाम्या जाळीवरचे मासे उलटवू लागले.

“आता आच भडकली. झरोका लाव. लवकर!”

माझा उजवा हात चिमट्यासकट झरोक्याकडे गेला. चिमट्याने मूठ धरता येईना. चिमटा डाव्या हातात घ्यायला गेले तर तो खाली पडला.

“जळले सगळे,” आई म्हणाली. “उजव्या हातात चिमटा असतो. मग झरोका लावायचा कोणत्या हाताने? जी रोज विस्तवापाशी उभी राहते तिला हे विचारावं लागत नाही. तुला कसं कळणार? तू कधी उभी राहिलीस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कुणावर काढावी हे कळेना, कारण बोलणं खरं होतं.

दुचष्म्यांनी घसा खाकरला. “म्हणजे मिस्त्रींनी स्वयंपाकाच्या सोयीचा विचार करून...”

“मिस्त्रींनी?” आई त्यांच्यावर वळली. “त्यांनी आयुष्यात पाणी तरी तापवलं होतं का? आणि वाऱ्याचा कसला अभ्यास? वारा काय नेहमी डावीकडूनच येतो? शिडीवरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. पुढे हातोडी उचलेना. लोकांना कळलं तर काम कोण देईल, म्हणून ते बाहेर गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि आत, दार लावून, मी रिबिटं मारायची. सात वर्षं. त्यांचा हात पुन्हा चालेपर्यंत. फाटकं कामगारांनी केली. शेगड्या माझ्या. एकूण एक.”

“आई, आत्ता नको,” दादा हळूच म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चकित झालेला नव्हता. नुसता अवघडलेला होता.

“तुला माहीत होतं.”

“मी लहान होतो.”

“तुला माहीत होतं!”

“शाळेतून आलो की रिबिटं मोजून द्यायचो तिला,” तो म्हणाला. “बाबांनी सांगितलं होतं, कुठे बोलायचं नाही. मग राहूनच गेलं. आता त्यांच्या माघारी त्यांचं नाव कशाला घालवायचं?”

“आणि हिचं?”

“हिचं कुठे होतं की जाईल?” तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण तो खाली बघू लागला.

ऐरणीवरची हातोडी माझ्या हाताशीच होती. मी ती उचलली नाही, यात माझं कौतुक नाही. आई मध्ये उभी होती. राग दादाचा होता, बाबांचा होता. आणि ज्या भोकात एका बाईची सात वर्षं होती ते मी ग्राइंडरने गुळगुळीत केलं होतं, त्याचा सगळ्यात जास्त होता. चाळीस वर्षं एका घरात राहून मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की तुझ्या मनगटावरचे हे भाजल्याचे डाग कशाचे? स्वयंपाकाचे असतील, असंच धरून चालले. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्याकडे तर दिवाच दुसऱ्याच्या नावावर होता.

दुचष्मे बिचारे वही छातीशी धरून उभे होते. “आजी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण नोंद करायची तर काही पुरावा...”

“मागचा डावा पाय बघा,” आई म्हणाली. जागेवरून हललीसुद्धा नाही. “दोन रिबिटं चिकटून बसलीत, तिरकी. नववा महिना होता. पोट मध्ये यायचं, वाकता येत नव्हतं. ही होती पोटात, झरोका बुजवणारी.”

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि गुडघ्यांवर बसून बघितलं. मला बघायची गरज नव्हती. ती रिबिटं मी बोटांनी चाचपली होती आणि मोठ्या मनाने बाबांना माफ केली होती. दुचष्मे बराच वेळ खाली होते. उठले तेव्हा त्यांनी वही उघडली आणि विचारलं, “मग या सहा नोंदींचं काय करू?”

“खोडा,” आई म्हणाली. “सहाही.”

आणि त्यांनी खोडल्या. माणूस सरळ निघाला.

“परवाच्या कार्यक्रमाचं काय?” दादा म्हणाला. “पाटी तयार आहे माझ्याकडे.”

“दाखव.”

त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेली पितळी पाटी काढली. पंजाएवढी, चकचकीत. बाबांचं पूर्ण नाव, आणि खाली ‘यांच्या हातची शेगडी’. आईने ती हातभर लांब धरून वाचली. मला वाटलं फेकून देईल, आणि मला ते हवंच होतं. पण तिने ती उलटी केली.

“मागची बाजू कोरी आहे,” ती म्हणाली. “आधी माझा झरोका उघड.”

मी उघडला. माझंच गुळगुळीत काम मी ग्राइंडरने फाडलं, जुनी पट्टी परत बसवली. तासभर लागला आणि तासभर कुणी बसलं नाही. दादाने टाय काढून न सांगता रिबिटं मोजून दिली. मी त्याच्याशी बोलले नाही, आजही फारसं बोलत नाही. आता उजवीकडे मी कापलेलं भोक तेवढं उरलं. ते बुजवायला मी पत्रा शोधू लागले, तर आईने मला बाजूला सारलं.

तिने अक्षरांचे ठसे मागितले, पाटी ऐरणीवर पालथी घातली आणि हातोडी उचलली. ती तिला जड जात होती. मी धरायला गेले.

“सोड,” ती म्हणाली.

पहिलं अक्षर वाकडं आलं. पुढची सरळ. घरात कुणीच न वापरलेलं तिचं नाव, आणि त्याखाली, जागा पुरत नव्हती तरी दाटीने, ‘हिच्या हातची’. मग मी पाटी त्या चुकीच्या भोकावर ठेवली. ती नेमकी बसली. तिचं नाव बाहेर, बाबांचं आत, निखाऱ्यांच्या बाजूला. चारही रिबिटं आईनेच मारली.

शेवटचं बसलं तेव्हा तिने हातोडी खाली ठेवली आणि पाटीवर दोनदा टिचकी मारली, आतल्याला ऐकू जाईल अशी.

“सात वर्षं मी आत होते,” ती म्हणाली. “आता तुम्ही बसा.”