सावलीतली सून

“हिला घरात मारतं कोण?”

डॉक्टरीणबाईंनी इतक्या थंडपणे विचारलं, की झुंबरबाईला वाटलं, प्रश्न दुसऱ्याच कुणाला असेल. तिने मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

आत खाटेवर तिची सून कुंदा कण्हत होती. सकाळी जेवणाच्या पाटावरून उठताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. पडली नाही, आपटली नाही, नुसती उठली आणि काड्कन आवाज झाला. चोवीस वर्षांची पोर! झुंबरबाईच्या मुलाने, रुपचंदने, रिक्षात घालून तिला दवाखान्यात आणलं.

“या वयात उठता-उठता हाड मोडत नसतं,” एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शिवाय हे एकच नाही. दुसऱ्या मांडीला तडा आहे, बरगड्यांना आहेत, आणि ते जुने आहेत. खरं सांगा, नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल.”

झुंबरबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पोलीस! तिच्या घरात! अहो, धुळ्याच्या अख्ख्या देवपुरात विचारा म्हणावं, सुनेला तळहातावरच्या फोडासारखं जपलं ते कुणी!

आणि ते खोटं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी नरडाण्याकडच्या शेतात, भर वैशाखात, झुंबरबाईच्या नवऱ्याला ऊन लागलं आणि दिवस मावळायच्या आत माणूस गेला. पुढे लोकांच्या शेतात कापूस वेचून तिने रुपचंदला शिकवलं. तो धुळ्याला कचेरीत नोकरीला लागला, तेव्हाच बाईने ठरवून टाकलं, की येणाऱ्या सुनेला ऊन दाखवायचं नाही. बाई हट्टी. दळण, भाजी, गच्चीवरचे पापड, वाळत घालायचे कपडे, सगळं स्वतःकडे घेतलं. तळमजल्याच्या एकुलत्या एका खिडकीला गोणपाट लावलं. उन्हाळ्यात ओलं, हिवाळ्यात कोरडं, पण बारा महिने. कुंदाने माहेरी जायचं तेही संध्याकाळच्या एस.टी.ने. लग्नात सावळी असलेली पोर चार वर्षांत इतकी उजळली, की शेजारची पुष्पाबाई म्हणायची, “अक्का, सून शे का दूधनी साय?” झुंबरबाईला आभाळ ठेंगणं व्हायचं.

वर्षभर कुंदा अंग दुखतं म्हणत होती. न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत धरून, डुलत डुलत जायची. सासूने डिंकाचे लाडू केले, तेल चोळलं, आणि हातातलं उरलंसुरलं कामही काढून घेतलं.

“बाई, मी तिले कधी बोट बी लावं नही!” झुंबरबाई कळवळून म्हणाली. “तिलेच इचारा!”

डॉक्टरीणबाई एकट्याच आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“ती म्हणते, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मला आता एवढंच सांगा, तिच्या अंगावर ऊन कधी पडतं?”

अखेर एक सरळ प्रश्न आला! झुंबरबाईची मान ताठ झाली.

“चार वरीस व्हयनात, बाई. एक दिन बी मी तिले ऊन लागू दिधं नही!”

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पुन्हा उचलला.

“अहो, तेच तर झालंय! हाडं घट्ट राहायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते बहुतेक उन्हामुळेच अंगात तयार होतं. ते नसलं की दूध पाजा, लाडू चारा, त्यातलं बळ हाडांपर्यंत पोचत नाही. हिची हाडं मऊ पडलीत. मोठ्या शहरांतल्या अंधाऱ्या खोल्यांत मी हे पाहिलंय. धुळ्यात पाहावं लागेल असं स्वप्नातही नव्हतं.”

धुळ्यात! जिथे ऊन नको म्हटलं तरी पाठ सोडत नाही, तिथे तिच्या सुनेला उन्हावाचून हे व्हावं? झुंबरबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. काळेठिक्कर, रापलेले हात. साठी आली, पण आतलं एक हाड कधी कुरकुरलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

“पोलिसले सांगी द्या, बाई,” ती म्हणाली. “मीच मारं तिले. दुसरं कोन्ही नही.” मग पदर तोंडाशी धरून, “चालता येई ना तिले?”

“येईल. हाड जुळायला वेळ लागेल. औषध देते, पण रोज सकाळी दहाच्या सुमाराला हातपाय उघडे ठेवून तिला उन्हात बसवायचं.”

दीड महिन्याने कुंदा प्लास्टरसकट घरी आली. झुंबरबाईने आधी गोणपाट ओढून फाडलं, मग मायलेकांनी खाट उचलून अंगणात ठेवली. कुंदाच्या पांढऱ्याफटक हातांवर ऊन पडलं. तिने डोळे मिटले, आणि सवयीने झुंबरबाईचा हात पुढे गेला, सुनेच्या तोंडावर पदराची सावली धरायला.

“ऱ्हाऊ द्या, अक्का,” कुंदा डोळे न उघडताच म्हणाली. “तुम्ही दुपारे झोपनात का मी रोज ते गोणपाट सरकाडीसन बोटं उनमां धरत व्हती. तुमले वाईट वाटी म्हनीसन बोलनी नही.”

झुंबरबाईचा हात तसाच वर राहिला, आणि त्याची सावली सुनेच्या कपाळावर. तो मागे घ्यायला तिला बराच वेळ लागला.