रंग न सोडणारं मांस

सुरुची नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून कॅनडात वॉटर्लूला आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता ती जयदीपच्या छोट्या कंपनीत गुरांच्या खाद्यात मिसळायचा अर्क तयार करत होती. रोझमेरी आणि द्राक्षाच्या बिया, बाकी काही नाही. हा अर्क खाल्लेल्या गुरांचं मांस लवकर तपकिरी पडणार नाही अशी तिची अटकळ होती, आणि ती खरी ठरली. जरा जास्तच खरी ठरली.

ट्रायल एल्विन बाउमन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या फार्मवर झाली. गुरं कापल्यावर बरंचसं मांस लॅबमध्ये आलं, थोडं एल्विननं घरी खायला ठेवून घेतलं. लॅबमध्ये साध्या खाद्यावरच्या गुरांचा खिमा बघता बघता मळकट झाला. शेजारच्या ट्रेमधला मात्र नुकताच कापल्यासारखा लालभडक. आठवडा उलटला तरी तसाच.

सुरुची आधी खूश झाली. मग त्या लालपणाकडे बघून तिला कसंसंच व्हायला लागलं. तिनं ट्रेवरचं प्लॅस्टिक सोडवलं आणि झटकन तोंड फिरवलं. आंबूस वास होता. तपासून पाहिलं, तर जंतू दोन्हीकडे सारखेच माजले होते. एका मांसानं ते दाखवलं होतं, दुसऱ्यानं नाही.

तिनं जयदीपला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लोक कलर बघूनच पॅक उचलतात, सुरुची. आपण तेच तर विकतोय. आणि पॅकवर डेट असतेच की."

एल्विनच्या घरातल्या मांसावर कुठली डेट, हे तिच्या मनात आलं. तिनं फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला, तरी नाही. तिनं तशीच गाडी काढली.

फार्मवर पोचली तेव्हा गोठ्यातली गुरं एकसारखी हंबरत होती. गव्हाणी रिकाम्या होत्या. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं. आत एल्विन अंगातला कोट न काढताच टेबलापाशी बसला होता. गुरांना चारा घालायला म्हणून तो हॉस्पिटलमधून आला होता आणि बसला तो बसलाच. त्याची बायको लोइस आजारी होती. आधी पोट बिघडलं, मग रक्त पडायला लागलं, आता किडन्या काम करत नव्हत्या. खिमा कालवताना चिमूटभर कच्चाच जिभेवर ठेवून मिठाचा अंदाज घ्यायची तिची जन्माची सवय. तपकिरी झालेला टाकायचा, एवढंच ती पाळायची.

"मांसाचं काही नसणार," एल्विन म्हणाला. "इतकं छान दिसत होतं."

सुरुची बेसमेंटमध्ये उतरली. फ्रिजमधला दिवा लागला. पसरट भांड्यात खिमा होता, लालबुंद. तिनं हात आत घातला. फ्रिज गारच नव्हता.

वर येऊन ती म्हणाली, "एल्विन, ते मांस खराब झालंय. माझ्या खाद्यामुळे तुम्हाला ते दिसलं नाही."

त्याला कळायला वेळ लागला. तिनं तिथूनच हॉस्पिटलला फोन केला, मग अन्नतपासणीच्या ऑफिसला. शेवटी गुरांना चारा घातला, कारण त्याच्याच्यानं उठवेना.

चौकशी झाली. फ्रिज बिघडला होता, असं ठरलं. त्यात आपल्या खाद्याचा काय दोष, असं जयदीपनं विचारलं. ते खोटंही म्हणता येईना, आणि त्यानंच तिची झोप उडाली. तिनं नोकरी सोडली. लोइस बर्फ वितळता वितळता घरी आली, पण डायलिसिसवर.

उन्हाळ्यात एकदा एल्विनचा फोन आला. आजूबाजूच्या फार्मवाल्यांनी तेच खाद्य मागवलं होतं, ट्रक आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?" सुरुचीनं विचारलं.

"सांगितलं," एल्विन म्हणाला. "ते म्हणाले, तुझा फ्रिज बिघडला होता. आमचा चांगला आहे."