माझी जीभ बांधू नका

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, शाळेच्या पडवीतून जाताना तुम्ही मला टपल्या मारून पळता. पळा बापडे! पण मी मूळची शाळेची नव्हे. मी अंबाजीच्या पेढीची.

१९२२ सालची गोष्ट. किहीमच्या बाजूची पुष्कळ माणसे मुंबईला गिरणीत होती. त्यांच्या घरचे तांदूळ, सुकी मासळी गाठोडी बांधून पोचवायची आणि तिकडचे निरोप आणायचे, असा धंदा अंबाजीने एका मचव्यावर, शिडाच्या होडीवर, मांडला. मचवा हाकायचा त्याचा धाकटा भाऊ नामा. पहिल्या कमाईतून अंबाजीने मला आणले, तेव्हा लोक हसले. "काय रं, पेढी काढलीस का देऊळ?" पुढे पेढीचे नाव अलिबागेपर्यंत गाजले आणि हसणारेच गाठोडी घेऊन दारात उभे राहिले.

माल आला की मी वाजत असे. पण माझे खरे काम निराळे होते. थंडीत पहाटे समुद्रावर धुके उतरले, की माझ्या आवाजाच्या रोखाने शेवटचा मचवा धक्क्याला लागेपर्यंत मला वाजवत राहायचे. अंबाजी दमला की त्याची बायको मनुबाई दोर धरी. मग धुक्यातून नामाची हाक येई, "आलू रं दादा, आलू!" ती ऐकली की माझा ऊर भरून येई.

बारा-तेरा वर्षांत अंबाजीचे गुडघे गेले. मुंबईच्या एका शेठने पेढी विकत मागितली. मचवे, वखार, माणसे, नाव आणि मी, सगळे अंबाजीने देऊन टाकले. नामा मचव्यावरच राहिला.

मनुबाईने विचारले, "धुक्याचं सांगितलंत का शेठला?"

"अगं, बंदरावर पेढी घेनाऱ्याला ह्ये सांगायचं? आईला पोर पाजायला शिकवतात व्हय?"

झाले! शेठच्या नव्या कारकुनाला वाटले, घंटा वाजली की गिऱ्हाईक उगाच धावत येते. त्याने काथ्याने माझी जीभ बांधून टाकली.

आणि माघात धुके आले. मी ऐकत होते, मित्रांनो. नामाची हाक खडकांच्या बाजूने येत होती. "दादा, घंटा वाजव रं! दादा!" मी पितळेची, मला कुठले हात?

अंबाजी जागा झाला, बाहेर धुके आणि घंटा मुकी! तो लंगडत धावत आला. कोयत्याने काथ्या तोडला आणि ऊन पडेपर्यंत मला वाजवत राहिला. मचव्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. नामा लागला नाही.

शेठने पेढी मोडली, मला शाळेला दिले. जिवंत होता तोवर धुक्याच्या प्रत्येक पहाटे अंबाजी येई, दोर ओढी आणि थांबून विचारी, "ऐकलंस? आलू म्हनतोय."

"न्हाय वो, वारा हाय," असे म्हणत मनुबाई त्याची बोटे दोरावरून सोडवी.

वारा नव्हता तो. मीही ऐकत असे.

तुम्ही खोड्या करता म्हणून शिपाई आता माझी जीभ सुतळीने बांधतो. बांधू दे, राग नाही. पण मित्रांनो, धुके उतरले की तेवढी सुतळी सोडा. नामा अजून धक्क्याला लागायचा आहे.