पांढरे मोती

"बघा! बघा! सुटल्या बेड्या! नाचायला लागल्या!"

गुरू वस्किता माईकमधून ओरडला आणि सभागृहातली चारशे माणसं एकदम उठून उभी राहिली. माझ्या शेजारच्या बाईच्या हातातलं मेंदोआनचं गरमागरम भजं तिच्याच मांडीवर पडलं, पण तिला चटकाही जाणवला नाही. समोर सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या भल्यामोठ्या पडद्यावर रक्त दिसत होतं. निवृत्त बस कंडक्टर साकिमान यांच्या बोटातून आत्ताच काढलेलं. पंधरा मिनिटांपूर्वी त्याच पडद्यावर त्यांच्या तांबड्या पेशी एकीला एक चिकटून, नाण्यांच्या चळती रचाव्यात तशा निपचित पडल्या होत्या. मग साकिमान यांनी गुरूच्या हातून पेलाभर 'जिवंत पाणी' घेतलं, डोळे मिटून बसले, पुन्हा बोट टोचून घेतलं, आणि आता एकेक पेशी सुटी, गोल, टवटवीत होऊन तरंगत होती.

"मी सांगतोय म्हणून मानू नका!" वस्किता म्हणाला. पांढरा कोट, त्याखाली बाटिकचा सदरा, गळ्यात रुद्राक्षासारखी काहीतरी माळ. "यंत्र सांगतंय! विज्ञान सांगतंय! पेशीला कान असतात, पेशीला मन असतं. तुमचा डॉक्टर कधी तुमच्या पेशीशी प्रेमाने बोललाय? तो नुसत्या गोळ्या देतो. गोळी कुणाला घालतात हो? शत्रूला! आणि पेशी तर तुमची लेकरं!"

लोक हसले, काहींनी डोळे पुसले. साकिमान यांनी तिथल्या तिथे खिशातून इन्सुलिनचं पेन काढून गुरूच्या पायाशी ठेवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी टाळी वाजवली नाही. मी पेशींवरच डॉक्टरेट करत होते. पाचवं वर्ष. उपाशी पेशी स्वतःचाच कचरा कसा खाते, हा माझा विषय. पाच वर्षांत माझ्या पेशी माझ्या बोलण्याने एकदाही नाचल्या नव्हत्या. बुरशी लागून मेल्या, वीज गेली म्हणून मेल्या, आणि एकदा तर काहीच कारण न देता मेल्या. पुर्वोकर्तो शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत पेशींशी प्रेमाने बोललेलं मी पुष्कळ ऐकलंय, शिव्याही ऐकल्यात. उपयोग दोन्हींचा सारखाच.

या सभेला मी आले होते सुमार्सी मावशीसाठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. शाळांचे गणवेश शिवून मला शिकवलं. तीन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग झाला. पण असा, की रोजच्या एका गोळीवर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. मावशी राहिली होती. आणि आदल्याच दिवशी तिने मला सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, की पाच महिने झाले, तिने गोळी सोडली आहे.

"आता सुमार्सीबाई!" वस्कितानं पुकारलं. "आमच्या जिवंत पाण्याचं चालतंबोलतं प्रमाणपत्र!"

मावशी व्यासपीठावर गेली. लाजली. यंत्रावर बसलेल्या माणसाने तिचं बोट टोचलं, आणि पडद्यावर माझ्या मावशीचं रक्त आलं.

सवयीने मी पेशी मोजायला लागले.

निरोगी माणसाच्या रक्तात पाचसातशे तांबड्या पेशींमागे कुठे एखादी पांढरी दिसते. तिच्या रक्तात पांढऱ्या पेशींची जत्रा भरली होती. जिकडे पडदा सरकेल तिकडे मोठ्या, खरबरीत, कुरूप पांढऱ्या पेशी. रोग परत आला होता, चारशे माणसांसमोर, दहा फूट रुंद पडद्यावर.

"हे पांढरे मोती बघा!" वस्किता गहिवरून म्हणाला. "हे शरीराचे सैनिक! बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दोनचार होते. आज? मोजा, मोजता येतायत का!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मावशीच्या मरणाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्यासपीठावर उभी राहून ती हसत होती.

बाहेर मोटारसायकलींच्या गर्दीत मी तिला गाठलं. "मावशी, उद्या इस्पितळात चल. ते मोती नाहीत गं, रोग आहे तो."

"झालं तुझं सुरू."

"डावीकडे पोट जड लागतंय ना तुला?"

ती चपापली. "गुरू म्हणाले, तिथे जीवन साठतंय."

"प्लीहा सुजलीय तुझी!"

"ओरडू नकोस. ती गोळी खाऊन डोळे सुजायचे माझे, पिंढऱ्या वळायच्या. डॉक्टरला सांगितलं तर वरही न बघता म्हणाला, 'चालायचंच.' हा माणूस निदान बस तरी म्हणतो. आणि तू काय सांगतेस मला? पाच वर्षं पेशींकडे डोळे लावून बसलीस, अजून पदवी नाही. त्याला पाच मिनिटांत दिसतं सगळं!"

बाटलीची पिशवी काखेत मारून ती निघून गेली.

मी परत आत गेले. यंत्र आवरणारा माणूस पाठमोरा होता, पण काचपट्टी दिव्याकडे तिरपी धरून बघायची ती लकब मी चार वर्षं शेजारच्या टेबलावर पाहिली होती. हानुंग. आमच्याच प्रयोगशाळेतला; सहा वर्षं डॉक्टरेट केली आणि प्रबंध अर्धा टाकून एक दिवस दिसेनासा झाला.

"तू?" मी म्हटलं. "अरे, तू सुद्धा?"

"हळू बोल, पालुपी."

"मावशीचं रक्त बघितलंस ना तू? काय दिसलं?"

तो काचा पुसत राहिला. "मी खोटं काही बोलत नाही," शेवटी म्हणाला. "मी फक्त काच लावतो. बोलतो तो."

"वा! म्हणजे सुरी तुझी, हात त्याचा?"

"सहा वर्षं पेशी वाढवल्या मी. कुत्र्यानेही विचारलं नाही. इथे लोक माझा हात हातात घेतात गं."

माझा हात शिवशिवला. पण त्याच वेळी मला दिसलं, की त्याच्या टेबलावर काचपट्ट्यांचे दोन ट्रे आहेत. डावा कोरडा. उजव्यातल्या काचा मात्र ओलसर चकाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एंदांग मॅडमच्या खोलीत जाऊन धडाधड सगळं सांगितलं. या माझ्या मार्गदर्शक. साठीच्या, बारीक, आवाज कधी न चढवणाऱ्या. माझ्या प्रबंधाच्या अंतिम सादरीकरणाला सहा आठवडे उरले होते. त्या त्याचीच आठवण देतील असं मला वाटलं.

"रागावली आहेस," त्या म्हणाल्या.

"मग काय आरती ओवाळू?"

"राग असू दे. पण स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर त्याच्यात नि तुझ्यात फरक काय राहिला? बोट दे."

त्यांनीच टोचलं. पहिला थेंब जाडसर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि दाट भागाकडे पाहिलं. माझ्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक. दुसरा थेंब इस्पितळात चढवतात त्या सलाईनने ओलसर केलेल्या काचेवर ठेवला. सगळ्या सुट्या, गोल, टवटवीत. पाण्याचा घोटही न घेता मला गुरूकृपा झाली होती!

त्या आठवड्यात आम्ही तो प्रयोग तीस जणांच्या रक्तावर केला. पहारेकऱ्याच्या, विद्यार्थ्यांच्या, कॅन्टीनवाल्या बाईच्या. कोणती काच ओली ते बघणाऱ्याला सांगायचंच नाही, असं ठरवून. तीसच्या तीस वेळा तेच. मावशीकडे मी रोज गेले; तिने रोज चहा दिला आणि रोज इस्पितळाला नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी वस्किता व्यासपीठावर आला तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. हात वर केला.

"मी विद्यापीठात पेशींवर डॉक्टरेट करते. मला साक्षीदार व्हायचंय."

त्याचे डोळे चमकले. विद्यापीठाचा शिक्का आपल्या पायांनी चालत आलेला! "या, या, मुली! लोकहो, बघा, आता शहाणे लोकही येऊ लागले!" हानुंगचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

मी माईक घेतला. "मी आज जिवंत पाणी प्यायलेलं नाही. पिणारही नाही. ही काच डाव्या ट्रेमधली." बोट टोचलं, थेंब ठेवला, थोडं थांबले. पडद्यावर चळती.

"अरेरे! बघा किती दुःखी रक्त!" वस्किता कळवळला. "फार अभ्यास, फार अहंकार. आता एक पेला घ्या—"

"नको. आता ही काच उजव्या ट्रेमधली." त्याच बोटाचा दुसरा थेंब.

पडद्यावर सगळ्या पेशी सुट्या झाल्या. तरंगायला लागल्या.

पुढच्या रांगा पडद्याकडे झुकल्या. मग मागून सोयाबीनचं तेंपे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, "अगं पण तू तर पाणी प्यालीच नाहीस!"

"नाही ना, आजी. पाण्याने काही होतच नाही. या उजव्या काचा आधीच सलाईनने पुसलेल्या आहेत. रक्त पातळ झालं की पेशी सुटतात. माझ्या, तुमच्या, या गुरूच्यासुद्धा. ज्याला वाटेल त्याने वर या, पाणी न पिता करून दाखवते."

"ही पेशींची परीक्षा घेतेय!" वस्किता ओरडला. "पेशी रागावतात! माझं पाणी—"

"तुमचं पाणी? तेही बघू." मी एक सीलबंद बाटली फोडली आणि एक थेंब माझ्या रक्तात सोडला. पडद्यावर पेशी फुगल्या, फिकट झाल्या आणि एकामागून एक दिसेनाशा झाल्या. लोक किंचाळले.

मी तिथे थांबले असते तर जिंकलेच असते. पण मग मीही त्याच्याच पंगतीला बसले असते.

"घाबरू नका," मी म्हटलं. "ही पण एक चलाखीच आहे. कुठलंही साधं पाणी थेट रक्तात टाकलं की पेशी फुटतात. पिऊन तसं होत नाही, पोट ते सांभाळून घेतं. एवढंच कळतं, की या बाटलीत साधं पाणी आहे."

वस्किता गर्रकन वळला आणि त्याने हानुंगकडे बोट केलं. "या चोराने फसवलं मला! काचा यानेच ओल्या केल्या!"

हानुंग उठला. मग माईकशिवायच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "काचा मीच ओल्या करतो. बाटल्याही मीच भरतो. आमच्या गल्लीत पाण्याचे जार विकतात ना, त्या दुकानातून."

कुणीतरी हसलं. कुणीतरी खुर्ची फेकली. आणि त्या गोंगाटात मावशी उभी राहिली. पडद्यावर माझ्या पहिल्या थेंबाचं चित्र कुणीतरी पुन्हा लावलं होतं.

"पालुपी," ती म्हणाली, "तुझ्या रक्तात तर एकच पांढरा मोती दिसतोय."

ती पडद्याकडेच बघत होती.

"मग माझ्यात इतके का?"

मी माईक खाली ठेवला. ती गोष्ट चारशे लोकांना सांगायची नव्हती. पायऱ्या उतरून मी तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. "चल," एवढंच म्हणाली.

इस्पितळात पांढऱ्या पेशींचा आकडा आला दोन लाख दहा हजार. जास्तीत जास्त अकरा हजार असावा. जुन्या गोळीने आता भागेना. दुसरी, जास्त जालीम गोळी सुरू झाली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सुजलेल्या डोळ्यांबद्दल नीट विचारलं, वळणाऱ्या पिंढऱ्यांवर औषध दिलं. सात महिन्यांनी पोटाची सूज उतरली. मावशी पुन्हा शिलाई मशीनवर बसते. माझा प्रबंध दोन महिने उशिरा सादर झाला. त्याचं मला काही नाही.

पण साकिमान गेले. त्या दुसऱ्या रविवारी ते आले नव्हते. सोडलेल्या इन्सुलिनने त्यांना आठ दिवसांतच गाठलं. त्यांची बायको मला म्हणाली, "तुम्ही एक आठवडा आधी बोलला असतात तर?" पहिल्या रविवारी ते पेन मी गुरूच्या पायांपाशी पाहिलं होतं. मावशीच्या काळजीत मी ते उचलून त्यांच्या हातात दिलं नाही.

आणि वस्किता? पोलिसांत तक्रार केली, चौकशी झाली, तो दुसऱ्या शहरात गेला. तिथे त्याने नवं यंत्र घेतलं आहे. लोक जातात. त्यात शिकलेले कमी नाहीत, म्हणून माझा राग जात नाही. हानुंगला पेशी कळत होत्या, तरी त्याने काच ओली केली. नुसतं शिक्षण पुरत नाही. जे कळलं ते मोठ्याने बोलावंही लागतं, आणि वेळेवर.

म्हणून सांगते. कुणी तुम्हाला पडद्यावर चमत्कार दाखवला, तर पाया पडू नका, शिव्याही देऊ नका. त्याला म्हणा, औषध न देता हेच करून दाखव. मग म्हणा, तू बाजूला हो, दुसऱ्याला करू दे, आणि कुणाला खरं औषध दिलंय आणि कुणाला साधं पाणी, ते बघणाऱ्याला कळू देऊ नकोस. जो खरा असेल तो हसत तयार होईल. जो चिडेल, त्याच्या दारातून उठा आणि आपली गोळी वेळेवर घ्या. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरला पुन्हा सांगा, त्याने मान वर केली नाही तर तिसऱ्यांदा सांगा, ओरडून सांगा. तो तुमचा हक्क आहे. पण गोळी तुमची तुम्ही सोडू नका.