मुखियाची बेरीज शून्य

“मेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो का?” डॉक्टर फिलिपांचा प्रश्न गावची नर्स म्हणून मी फुआतिनो आत्यांना आमच्या भाषेत सांगितला.

“येतो की! जिवंत होता तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता थांबतच नाही.” आत्यांनी दारातल्या थडग्याकडे हात केला. तिथे त्यांचे यजमान पेनी होते. “कालच म्हणाला, नीरफणस करपवलास.”

घरातले अकराही जण हसले. आमच्या सामोआतल्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे प्रश्न एकाला आणि उत्तर सगळ्यांचं. ‘झोप लागते का?’ यावर “घोरते!” असं चौघांनी एकदम सांगितलं होतं.

त्सुनामीला चार महिने झाले होते. पेनी त्यातच गेले. डॉक्टर न्यूझीलंडहून आलेल्या, बाई गुणाची, पण मनाचा आजार मोजायचा हातातला कागद तिकडचाच. आवाज ऐकते, दोन गुण. थडग्यापाशी बसते, आणखी दोन. आत्यांची बेरीज चढतच गेली. त्यांचे धाकटे भाऊ तुइलोमा गावचे मुखिया. त्यांची बेरीज सकाळीच शून्य आली होती. भीती? नाही. वाईट स्वप्नं? “मुखियाला कामं असतात, बाई!”

“सिएनी, आत्यांना राजधानीतल्या इस्पितळात ठेवावं लागेल,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

पेनीपासून उचलून नेलं असतं, तर आत्या खरंच आजारी पडल्या असत्या.

“डॉक्टर, या गावात थडग्याशी न बोलणारी बाई सापडली तर तिला तपासा,” मी म्हणाले. “आणि शून्यवाल्यांना पुन्हा विचारा.”

“विचारलं ना!”

“तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. ‘भीती वाटते का?’ असं मुखियाला नर्सने विचारल्यावर ते काय सांगणार? आमच्यात हे फक्त बहीण विचारू शकते. तिच्याशी भाऊ खोटं बोलत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कागद आत्यांना दिला. शहाणी बाई! आत्यांनी तो न वाचताच मांडीखाली सारला आणि त्या शेजारीच बसलेल्या भावाकडे वळल्या.

“तुइलोमा, पत्र्यावर पाऊस वाजला की पोरांना डोंगरावर का पिटाळतोस रे?”

“कवायत, ताई. सवय असावी.”

“काल पाऊस कुठे होता? पत्र्यावर झावळी पडली होती.”

पोरं खिदळली. मुखियांनी बहिणीकडे पाहिलं.

“आवाज तसाच येतो गं,” ते म्हणाले. “पाणी आलं असं वाटतं. वर नेऊन पोरं मोजतो. दर वेळी एक कमी भरतं.”

“कोण कमी भरतं?”

“लितिया.”

ती त्यांची नात. लाटेत त्यांच्याच हातातून सुटली होती, आणि तेव्हापासून तिचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. एवढा मोठा माणूस चटईवर मान खाली घालून रडत होता आणि अकरा जणांत कुणी उठून गेलं नाही. मला रडू आलं आणि फार बरंही वाटलं. डॉक्टरांनी मला अर्थ विचारला नाही.

“उद्यापासून रोज माझ्याकडे यायचं,” आत्या भावाला म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई, तूही ये. पेनीला माणसं लागतात.”

मग पाहुण्यांच्या जेवणावरच्या माश्या वारायचा पंखा त्यांनी उचलला आणि भावाला वारा घालू लागल्या. माशी एकही नव्हती.